लिमिट बँकेचे, ऐपत आपली!

गेल्या वर्षीची गोष्ट. चौदा एप्रिलच्या जयंतीची तयारी चालली होती. संध्याकाळची वंदना झाली, महिला मंडळाच्या भगिनी सतरंज्या गोळा करीत होत्या आणि आम्ही वर्गणीची वही उघडून बसलो होतो. कार्यकर्त्यांमधला एक तरुण सारखा मोबाईल घेऊन विहाराबाहेर जात होता. एकदा गेला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याची आई तिथेच होती. तिने विचारले, "काय रे बाळा, कुणाचा फोन आहे एवढा?" पोरगा काहीच बोलेना.

बैठक संपल्यावर तो आमच्याजवळ आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. क्रेडिट कार्डाचे बिल होते. म्हणाला, "काका, मी वर्षभर दर महिन्याला पैसे भरले. एक महिना चुकवला नाही. मग कर्ज उतरलं का नाही?"

हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. कारखान्यात कंत्राटावर, हॉस्पिटलात, मॉलमध्ये, नगरपालिकेत कामाला लागलेल्या आपल्या शेकडो मुलामुलींचा तो प्रश्न आहे. म्हणून त्या मुलाचे आणि बँकेचे नाव बाजूला ठेवून त्याचा हिशेब आम्ही आज कुटुंबाच्या पानावर मांडतो आहोत. आई-वडिलांनी वाचावा आणि कमावत्या मुलांनाही वाचायला द्यावा.

पहिले वर्ष फुकट!

या मुलाचा पगार हातात बावीस हजार. रेल्वे स्टेशनबाहेर टेबल टाकून बसलेल्या एका टायवाल्या पोराने त्याला हाक मारली. पहिले वर्ष कार्ड फुकट, वर एक प्रवासी बॅग फुकट, पहिल्या महिन्यात ठराविक खरेदी केली तर कूपनही. आधार कार्ड, पगाराची पावती, दोन सह्या. पंधरा दिवसांत कार्ड घरी आले. सोबतच्या पत्रात लिहिले होते, आपली मर्यादा साठ हजार रुपये.

साठ हजार! म्हणजे जवळजवळ तीन पगार. ज्या घरात बापाने दहा रुपये उसने मागताना चार वेळा विचार केला, त्या घरातल्या मुलाला एका मोठ्या बँकेने न मागता साठ हजारांचा विश्वास दाखवला. त्याला अभिमान वाटला. यात त्या मुलाचे काय चुकले? पिढ्यान् पिढ्या ज्यांना कोणी पत दिली नाही, त्यांना पहिल्यांदा पत मिळाली की ऊर भरून येणारच.

त्याने काय घेतले तेही सांगतो. आईसाठी अठरा हजारांचा फ्रिज. कॉलेजात जाणाऱ्या बहिणीला चौदा हजारांचा मोबाईल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला, त्या प्रवासाचे आठ हजार. एकूण चाळीस हजार. यात दारू नाही, जुगार नाही, उधळपट्टी नाही. सगळी कारणे चांगलीच. पण बंधूंनो, कारण चांगले आहे म्हणून व्याज कमी होत नाही. बँकेचे यंत्र फ्रिज आईसाठी घेतला की मित्रांसाठी, हे विचारत नाही.

सुरुवातीच्या सवलतीत काय असते?

'पहिले वर्ष फुकट' याचा अर्थ दुसऱ्या वर्षापासून फी. ती पाचशे असेल, हजार असेल, वर जीएसटी. पुष्कळ कार्डांत वर्षाला एक लाख किंवा असाच मोठा खर्च केला तर फी माफ होते. म्हणजे पाचशे रुपये वाचवायला लाखभर खर्च करा! 'आजीवन फुकट' कार्ड असेल तर वार्षिक फी नाही एवढेच. त्यावरचे व्याज, उशिराचा दंड, रोख काढण्याचे शुल्क काही माफ नसते.

दुसरे आमिष गुणांचे, ज्याला 'रिवॉर्ड पॉइंट' म्हणतात. समजा शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. दहा हजार खर्च केले तर मिळाले शंभर पॉइंट, म्हणजे पंचवीस रुपये. तेच दहा हजार एक महिना थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर व्याज ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३ रुपये, मिळून ४१३. पंचवीस मिळवायला ४१३ घालवायचे, हा कसला फायदा?

तिसरे आमिष 'शून्य टक्के हप्ता'. दुकानात मोबाईल बारा हप्त्यांवर मिळतो आणि व्याज शून्य म्हणतात. बहुतेक वेळा रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती यात मिळत नाही. हप्त्याची फी वेगळी लागते आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी बिलात हळूच येऊन बसतो. व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून खपवू नये आणि मुद्दल, व्याज व सूट वेगवेगळी दाखवावी, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या नियमावलीत सांगितले. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारावे, "रोख घेतला तर किती, हप्त्याने एकूण किती?" दोन आकडे कागदावर लिहून घ्या. फरक म्हणजेच व्याज, मग त्याला नाव काहीही द्या.

बिनव्याजी पन्नास दिवसांचे गणित

कार्डावर पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरा, अशी जाहिरात असते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. समजा आपले बिल दर महिन्याच्या दहा तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख तीस. अकरा तारखेला खरेदी केली तर ती पुढच्या महिन्याच्या बिलात येईल आणि जवळजवळ पन्नास दिवस मिळतील. पण नऊ तारखेला खरेदी केली तर ती उद्याच्याच बिलात येईल आणि मिळतील फक्त एकवीस दिवस.

आणि हे दिवसही केव्हा मिळतात? मागचे बिल पूर्ण भरले असेल तेव्हाच. पूर्ण भरले नाही, बाकी मागे ठेवली, की बिनव्याजी मुदत गेली. मग उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज धरतात आणि नवी खरेदी केली तर तिलाही त्याच दिवसापासून व्याज लागते. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. टेबलावरचा टायवाला तर नाहीच नाही.

कार्डाने एटीएममधून रोख पैसे काढले तर बिनव्याजी एक दिवसही मिळत नाही. काढल्या क्षणापासून व्याज सुरू, शिवाय शुल्क वेगळे. हे शुल्क साधारण अडीच टक्के आणि कमीत कमी पाचशे रुपये असे पुष्कळ बँका लावतात. हजार रुपये काढायला पाचशे शुल्क! दवाखान्याची घाई असली तरी आधी शेजारी, नातेवाईक, बचत गट बघा. कार्डाने रोख काढणे हा अगदी शेवटचा उपाय.

'किमान रक्कम' हा खरा फास

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. दर महिन्याला भरूनही कर्ज का उतरले नाही?

बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. चाळीस हजारांच्या बिलावर किमान रक्कम होती दोन हजार, म्हणजे पाच टक्के. मुलाला वाटले, बँकेने आपला हप्ता दोन हजार ठरवला आहे. तो इमानदारीने दोन हजार भरत गेला. पण तो हप्ता नव्हताच. दंड लागू नये आणि खाते थकीत ठरू नये म्हणून टाकायचा तो तुकडा होता.

आम्ही पाटी-पेन्सिलीने गणित मांडले, तुम्हीही मांडा. चाळीस हजारांतून दोन हजार भरले, राहिले अडतीस हजार. त्यावर महिन्याचे साडेतीन टक्के व्याज १,३३० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये. पुढचे बिल आले ३९,५६९ रुपयांचे. म्हणजे खिशातून गेले दोन हजार आणि कर्ज उतरले फक्त ४३१ रुपये!

एक रुपयाचीही नवी खरेदी न करता असे वर्षभर किमान रक्कम भरत राहिले तर साधारण २२,६०० रुपये भरले जातात आणि तरीही सुमारे ३५,१०० रुपयांचे कर्ज डोक्यावर राहते. एक अख्खा पगार गेला आणि कर्ज पाच हजारही उतरले नाही. त्या मुलाने कागदाकडे बघून डोक्याला हात लावला.

त्याच मुलाने दर महिन्याला ठरवून चार हजार भरले असते तर? तेराव्या महिन्यात कर्ज संपले असते आणि एकूण भरणा पन्नास हजारांच्या आत राहिला असता. दोन हजार आणि चार हजार यांत फरक फक्त दुपटीचा दिसतो, पण एकात कर्ज वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि दुसऱ्यात ते वर्षभरात मरते.

महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. व्याजावरचा जीएसटी धरला तर साध्या हिशेबाने ४९ टक्क्यांच्या वर. आपल्या आज्या-पणज्यांनी मुंबईच्या गिरण्यांत काम केले, तेव्हा पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाणी सावकार काठी घेऊन उभा असे. रुपयाला महिन्याला एक आणा हा तेव्हाचा नेहमीचा दर होता, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. त्या सावकाराला आपण आजही शिव्या देतो. आजच्या सावकाराच्या हातात काठी नाही, गुळगुळीत कागदावरचे हसरे चित्र आहे. दर मात्र फार खाली आलेला नाही.

कोणी म्हणेल, कायदा याला आळा घालत नाही का? २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा व्याजाच्या दराबाबत कोर्ट आपल्याला वाचवील या भरवशावर राहू नका. सही करण्याआधी दर वाचणे हेच आपले संरक्षण.

कर्जाचे घर बदलणे

वर्षभराने त्या मुलाला दुसऱ्या बँकेचा फोन आला. "तुमच्या कार्डाची बाकी आमच्या कार्डावर आणा. तीन महिने शून्य टक्के व्याज!" यालाच 'बॅलन्स ट्रान्सफर' म्हणतात. नवी बँक जुन्या बँकेचे पैसे भरते आणि आपण नव्या बँकेचे देणेकरी होतो. कर्ज फिटत नाही, फक्त घर बदलते.

मुलाला वाटले सुटलो! पस्तीस हजारांची बाकी नव्या कार्डावर गेली. दोन टक्के फी सातशे रुपये, त्यावर जीएसटी १२६ रुपये. तीन महिन्यांत हे सगळे फेडायचे तर महिन्याला बारा हजार हवे होते. पगार बावीस हजार, त्यात घरभाडे, किराणा, बहिणीची बस. तो बारा हजार कुठून आणणार? त्याने पुन्हा किमान रक्कमच भरली. तीन महिन्यांनी तीस हजारांवर बाकी उरली आणि शून्य टक्क्यांचे साडेतीन टक्के झाले.

पण खरी ठेच याहून मोठी होती. जुने कार्ड रिकामे झाले होते. त्यावर पुन्हा साठ हजारांची मर्यादा हिरव्या अक्षरांत दिसू लागली. बहिणीच्या परीक्षेची आणि क्लासची फी पंधरा हजार, पावसाळ्याआधी घराच्या पत्र्याचे काम दहा हजार. गेले त्याच कार्डावर. एका कर्जाची दोन कर्जे झाली. पुढे दोन महिने भरणा चुकला, दंड लागला, आणि वसुलीचे फोन सुरू झाले. विहारात तो बैठकीतून तीनदा उठला तेव्हा दोन्ही मिळून देणे साठ हजारांच्या घरात गेले होते.

मग बाकी दुसऱ्या कार्डावर नेणे वाईटच का? तसे नाही. ते औषधासारखे आहे, पथ्य पाळले तर गुण येतो. चार गोष्टी पाळता येत असतील तरच त्या वाटेला जा. एक, सवलतीचे महिने किती आणि त्या मुदतीत कर्ज पूर्ण फिटेल एवढा हप्ता आपल्याला झेपतो का, हे आधी मांडा. दोन, फी आणि जीएसटी धरून एकूण किती भरावे लागेल ते विचारा. तीन, मुदत संपल्यावर दर किती होईल, आणि नव्या कार्डावर खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळतील का, हे लेखी घ्या. चार, जुने कार्ड त्याच आठवड्यात बंद करा किंवा त्याची मर्यादा कमी करा. चौथे पथ्य पाळणार नसाल तर पहिली तीन विचारूच नका.

एक तुलना देतो. चाळीस हजारांची बाकी महिन्याला दीड टक्का दराने बारा हप्त्यांत बांधून मिळाली, फी दोन टक्के, तर सगळे धरून ४५,७०० रुपयांच्या आसपास भरावे लागतात. तेच चाळीस हजार कामगारांच्या पतपेढीतून वर्षाला १४ टक्क्यांनी बारा हप्त्यांत घेतले तर ४३,१०० च्या आसपास. पतपेढीच्या साध्या, जुन्या, धूळ बसलेल्या काउंटरला आपली मुले हसतात. पण हिशेब त्या काउंटरच्या बाजूने बोलतो.

मर्यादा कोणाची?

आता मूळ मुद्दा. कार्डावर लिहिलेली मर्यादा म्हणजे काय? ती पगारवाढ नाही, बक्षीस नाही, बचत तर नाहीच. एवढ्यापर्यंत तुम्हाला कर्जात उतरू द्यायला बँक तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. बँकेने ती मर्यादा आपले घरभाडे, आईची औषधे, गावाकडचा भाऊ हे सगळे बघून ठरवलेली नसते. म्हणून लिमिट बँकेचे असते, ऐपत आपली असते. आणि ऐपत आपणच ठरवायची असते.

ती कशी ठरवावी? पगारातून भाडे, किराणा, वीज, शाळा, प्रवास, औषध आणि बचत वजा करा. जे उरते तेवढेच महिन्यात कार्डावर वापरण्याची आपली मर्यादा. त्या मुलाचे उरत होते चार हजार. म्हणजे बँकेचे लिमिट साठ हजार आणि त्याचे स्वतःचे चार हजार!

हे ठरवल्यावर नुसते मनात ठेवू नका, बँकेला सांगा. मर्यादा कमी करून मागण्यात कमीपणा नाही. कार्डाने ऑनलाइन किती, दुकानात किती, परदेशी व्यवहार चालू की बंद, हे आपण स्वतः ठरवू शकतो. २०२० साली रिझर्व्ह बँकेने ही सोय देणे बँकांना बंधनकारक केले. मोबाईलवर जमत नसेल तर शाखेत जाऊन करून घ्या. आणि बँकेने मर्यादा वाढवण्याचा निरोप पाठवला तर लक्षात ठेवा, आपल्या स्पष्ट संमतीशिवाय तिला ती वाढवता येत नाही. घाईत 'हो' दाबू नका.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. चहाच्या टपरीवरचा चौकोन स्कॅन केला की पैसे खात्यातून गेले की कार्डाच्या कर्जातून गेले, हे पोराला कळतही नाही. वडापाव उधारीवर खाऊन त्यावर व्याज भरण्याची वेळ येऊ देऊ नका. पैसे देताना कोणता पर्याय निवडला आहे ते एकदा बघा.

आणखी एक गोष्ट. मित्राला, नात्यातल्याला कार्ड वापरायला देऊ नका. घरातल्याच्या नावे जोडकार्ड काढले तरी बिल मूळ कार्डधारकाच्या नावावरच येते. मैत्री टिकवायची असेल तर कार्ड खिशात ठेवा.

आपले हक्क माहीत करून घ्या

आपण हात जोडून उभे राहणारे नाही, नियम वाचून बोलणारे आहोत. बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवले. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमांतल्या मोजक्या गोष्टी इथे देतो.

न मागता कार्ड पाठवता येत नाही. पाठवून बिल लावले तर ते रद्द करावे लागते आणि त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो.

पूर्ण पैसे भरून कार्ड बंद करायला सांगितले तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. उशीर केला तर दिवसाला पाचशे रुपये दंड ग्राहकाला.

खरेदी, बाकी दुसऱ्या कार्डावर नेणे, रोख काढणे या प्रत्येकाचा वार्षिक व्याजदर बँकेने उदाहरणासह सांगितला पाहिजे. तो पगाराच्या पावतीसारखा जपून ठेवा.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत किंवा नातेवाइकांपुढे अपमान याला मनाई आहे. फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहा.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही. माहितीचा नंबर १४४४८. कार्डावर कोणी फसवणूक केली तर त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा.

आपल्या पतीचा अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमापन कंपनीकडून फुकट मिळतो. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर नाही ना, ते त्यात दिसते. थकबाकी राहिली की तीही त्यात दिसते आणि उद्या घराचे किंवा शिक्षणाचे कर्ज मागायला गेलो की तीच आडवी येते.

धम्म काय सांगतो?

भगवान बुद्धांनी संसारी माणसाला पैसा वाईट असे कधी सांगितले नाही. अनाथपिंडिकाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने मिळवलेले जवळ असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. ऋण नसणे हे त्यांनी स्वतंत्र सुख मानले. दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाला त्यांनी मिळकत आणि खर्च तराजूसारखा तोलून जगायला सांगितले. सिगालाला मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी राखायला सांगितले. भिक्खू होऊ इच्छिणाऱ्याला आजही उपसंपदेच्या वेळी विचारतात, तुझ्यावर कोणाचे ऋण नाही ना? डोक्यावर ऋण असलेला माणूस मोकळा नसतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच ओळखले होते.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे पंडित. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला शिकायला गेले तेव्हा पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे त्यांच्यापाशी होते. म्हणजे त्यांनीही कर्ज काढले. पण कशासाठी? ज्ञानासाठी. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहिले आणि इकडे माता रमाईने काटकसरीत संसार ओढला. कर्ज काढूच नये असे आम्ही म्हणत नाही. ज्या कर्जातून ज्ञान, घर, धंदा उभा राहतो ते विचार करून काढावे. ज्या कर्जातून फक्त पुढचे बिल उभे राहते ते टाळावे.

मग त्या मुलाचे काय झाले?

त्या रात्री विहारात आम्ही चौघे बसलो. त्यात एक निवृत्त बँक कर्मचारी होते. पहिले काम, मुलाने आईला सगळे सांगितले. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फ्रिजचं पाणी गार लागत होतं रे, पण तू आधी सांगायचं होतंस."

दुसरे काम, दोन्ही कार्डांवरची खरेदी बंद. तिसरे, त्याच्या कंपनीतल्या कामगारांच्या पतपेढीत अर्ज. सभासद तो होताच, पण कधी काउंटरवर गेला नव्हता. वर्षाला १४ टक्के दराने साठ हजारांचे कर्ज मिळाले, चोवीस हप्ते, हप्ता २,८८१ रुपये. दोन्ही कार्डांची बाकी एकाच दिवशी पूर्ण भरली आणि बँकांकडून तसे लेखी घेतले. एक कार्ड बंद केले. दुसऱ्याची मर्यादा साठ हजारांवरून दहा हजारांवर आणली. महिन्याला चार हजारांवर जायचे नाही हे त्याने घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे, आणि बिल आई बघते.

निम्मे हप्ते फिटले, निम्मे बाकी आहेत. यंदाच्या जयंतीच्या बैठकीत तो एकदाही बाहेर गेला नाही.

आमची सर्व विहारांच्या समित्यांना, महिला मंडळांना आणि बचत गटांना विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास हिशेबासाठी ठेवा. समाजातले बँक कर्मचारी, शिक्षक, वकील यांना बोलवा. ज्याच्या घरी कार्डाचे बिल आहे त्याने ते लाज न बाळगता आणावे. कर्ज लपवले की ते अंधारात वाढते.

आणि कार्ड घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सवलत कोणत्या तारखेला संपते? त्यानंतर व्याज किती? आणि या महिन्याचे संपूर्ण बिल या महिन्याच्या पगारातून मी भरू शकतो का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर टायवाल्या पोराला जयभीम करून पुढे चालू लागावे.

नमो बुद्धाय! जयभीम!